दोनशे मीटर उत्तरेला

एल बारेआल, रविवार, १४ एप्रिल

यारेली,

माझं सगळं बदललं ते गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, नकाशांच्या तासाला. तू तिसऱ्या बाकावरून हात वर केलास आणि म्हणालीस, "सर, उरिएलचा नकाशा सरकलाय. सगळीच्या सगळी बिळं उत्तरेला गेलीत." तुझ्या कानावर पेन्सिल होती. वर्ग हसला. फेर्मीन तर बाक बडवून हसला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, तपासून पाहू. मी तपासू दिलं नाही. भिंतीवरचा नकाशा ओढून काढला, गुंडाळी केली आणि चालू लागलो. कॉलेजची दोन वर्षं झाली होती, दोन राहिली होती. फाटकाबाहेर आल्यावर कळलं की बॅग आतच राहिली. परत गेलो नाही.

जिन्यात आपलं जे बोलणं झालं त्याबद्दल इथं लिहीत नाही. एखादं वाक्य बोललो असेन. रागात माणूस बोलतो. नेमकं काय बोललो ते आठवतही नाही.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, त्याचंही काही नाही, इथं तसाही फोन लागत नाही. दर गुरुवारी पावाची गाडी येते, तिच्यातून पत्रं सेबायोसच्या टपालात जातात. म्हणून पत्र.

मी क्रिसोफोरो मामाकडे आहे, आईच्या थोरल्या भावाकडे. त्याच्याबरोबर कासवांच्या मोजणीचं काम करतो. आपल्या तोर्रेऑनहून झुलेमाबाई महिन्यातून एकदा येतात, त्या कासवांच्या डॉक्टर म्हण. मामाला वाळवंट पाठ आहे, त्यांना जीपीएसचं यंत्र धरणारा माणूस हवा होता. त्यात मी तयार नकाशाच घेऊन आलो. हो, तोच. नाताळच्या सुट्टीत मामाच्या मागे हिंडून मीच नव्हती का कासवांची ही एकेचाळीस बिळं यंत्रात नोंदवली? तुझ्या त्या वर्गाला जो चालला नाही तो नकाशा इथल्या अध्यक्षांनी, नाबोरकाकांनी, गावसभेच्या खोलीत लावलाय, ध्वजाच्या शेजारी.

आणि तो बरोबर आहे, यारेली. मी रोज यंत्रातले आकडे बघत बिळांकडे जातो आणि प्रत्येक बीळ जिथल्या तिथं असतं. आजवर एकही सरकलेलं नाही.

तुला माफी मागायची असेल तर पत्ता पाकिटावर आहे.

उरिएल


एल बारेआल, बुधवार, २९ मे

यारेली,

उत्तर नाही. ठीक आहे. पावाच्या गाडीचा एफ्रेन दर गुरुवारी लांबूनच मान हलवतो आणि मग मला एक गोड पाव जास्त देतो. असंच चाललं तर मी तुझ्या विरहात जाड होईन.

मला वाटलं होतं मी इथं झुरेन. झुरायला वेळ मिळत नाही. पहाटेच निघतो, कारण दहानंतर कासवं बिळात जातात आणि आम्हालाही जावंसं वाटतं. मामा पुढे, मी मागे. त्याच्या खांद्यावर पाण्याचा कॅन, माझ्या गळ्यात जीपीएस आणि हातात ॲन्टेना. अकरा कासवांच्या पाठीवर अंगठ्याएवढे ट्रान्समीटर चिकटवलेत. ॲन्टेना फिरवायचा, कानात टिकटिक वाढली की तिकडे चालायचं. मामा मात्र माझी टिकटिक सुरू व्हायच्या आधीच हनुवटीनं दिशा दाखवतो. "तुझं यंत्र उठलं का झोपेतून?" असं विचारतो. रोज.

बिळात पाहायला आम्ही टॉर्च नेत नाही, मामाचा दाढीचा आरसा नेतो. सूर्य समोर घ्यायचा, ऊन आरशात पकडायचं आणि वाकून बिळात सोडायचं. कोवळ्या उन्हाचा एक लांब पट्टा आत शिरतो, तीन मीटर, चार मीटर, आणि शेवटी दोन डोळे. कासव आपल्याकडे बघतं. त्याला काही पडलेली नसते. मी इतका वेळ कुणाच्या नजरेला नजर दिली ती फक्त तुझ्या.

झुलेमाबाईंच्या वहीत कासवांना आकडे आहेत. मामाच्या तोंडात नावं आहेत, तीही मेलेल्या माणसांची. गावात कुणी गेलं की मामा महिना-दोन महिने काही बोलत नाही. मग एक दिवस गवतातून येतो आणि त्या घरात जाऊन सांगतो, दिसले. म्हणजे एखाद्या कासवाशी स्वभाव जुळला. चौदा नंबर म्हणजे प्राक्सेदीस सुतार. तो वाटेत मधोमध उभा राहतो, घोडा आला तरी हलत नाही. जिवंतपणीही तसाच होता म्हणे. बावीस नंबर म्हणजे तोमासा शिक्षिका, जवळ गेलं की फूस्स करते. संध्याकाळी बायका मामाला अडवून चौकशी करतात, आमचे हे कसे आहेत, खातायत का. आणि मामा टोपी काढून उत्तर देतो. थट्टा नाही करत. मीही आता नाही करत.

मामी वेगळी. ओब्दुलिया मामीच्या लहानपणी कासव म्हणजे ईस्टरआधीच्या उपासातलं कालवण. परवा मक्याच्या जाड गोर्दितांत वाटाणा-चीज भरता भरता म्हणाली, "चव कोंबडीपेक्षा बरी असते. पण आता खाणार कसं? तुझ्या मामानं सगळ्यांना नातेवाईक करून ठेवलंय."

तीच गावसभेच्या खोलीत झाडायला जाते. तिनं माझ्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हे सहा ठिपके मिठाच्या तळ्यात कसे?" तळं म्हणजे कोरडं, पांढरं, फरशीसारखं कडक. मी सांगितलं की जुन्या सरकारी नकाशात तळ्याचा काठ चुकला असणार. तिनं दोन वेळा झाडू आपटला. "म्हणजे मीठ सरकलं म्हणतोस. बरं."

इथं प्रत्येकाला नकाशातलं कळतं असं दिसतं.

तुझ्या बाबांचं दुकान कसं चाललंय? तू अजून संध्याकाळी तिथं बसतेस का, गल्ल्यापाशी, पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवून?

उरिएल


एल बारेआल, बुधवार, ३ जुलै

यारेली,

माझ्या चुलतबहिणीनं कळवलं की तू फेर्मीनबरोबर चौकात लिंबाचं आइस्क्रीम खात होतीस. खा. मला काय. त्याला सांग, बाक बडवायचा असेल तर इथं ये, इथं बाभळी आहेत.

हे पत्र मी भांडायला लिहीत नाही. आनंदाची बातमी आहे. गावाला पाणी मिळतंय. जुन्या विहिरीपासून खालच्या हौदापर्यंत पाइप टाकायचा ठरलाय. हौद दोन वर्षं कोरडा आहे, गुरं सात किलोमीटर चालून गढूळ पितात आणि अर्धी वाटेत बसतात. ऑगस्टच्या शेवटी चर खणायचं यंत्र येणार. पाइपाची वाट बिळांच्या मैदानातूनच जाते, दुसरीकडे खडक आहे. तर नाबोरकाकांनी काय केलं असेल? लाल पेन घेतलं, माझ्या नकाशासमोर उभे राहिले आणि बिळांच्या दक्षिणेनं अशी सुरेख रेघ काढली की एकाही ठिपक्याला धक्का नाही. सगळ्या सभेसमोर म्हणाले, "पोरानं नकाशा केला म्हणून बरं. नाहीतर आपण आंधळ्यासारखं खणलं असतं."

मामीनं सुक्या मांसात चार अंडी फोडून माचाका केली. मामानं मला त्याची चांगली टोपी दिली. ती माझ्या कानांवर येते, तरी घालतो.

मला एवढंच सांगायचंय. इथं माझ्या नकाशावरून पाण्याची वाट ठरते आणि इथं कुणी हात वर करत नाही.

उ.


एल बारेआल, बुधवार, २१ ऑगस्ट

यारेली,

तू बरोबर होतीस.

सकाळपासून तीन कागद फाडले, म्हणून या चौथ्यावर आधी तेच लिहून टाकलं. आता बाकीचं सांगतो.

पाइपाच्या वाटेवर खुंट्या मारायचं काम गेल्या आठवड्यात झालं. मी तेव्हा झुलेमाबाईंबरोबर पलीकडच्या टोकाला होतो. इथली माणसं खुंट्या मारायला यंत्र वापरत नाहीत. नकाशावर बघायचं की रेघ पवनचक्कीपासून किती लांब आहे, कुंपणाच्या तिसऱ्या कोपऱ्यापासून किती, आणि मग गुरं पकडायचा वीस मीटरचा दोर टाकत टाकत जायचं. नाबोरकाकांचा दोर आणि मामाची पावलं. एक हातही इकडेतिकडे होत नाही.

काल सकाळी मी चौदा नंबरला गेलो. यंत्रानं मला नेहमीसारखं बरोबर त्याच्या दारात नेऊन उभं केलं. आरसा धरला. पट्टा आत गेला, प्राक्सेदीस दिसला. आरसा खाली घेताना ऊन बाजूला सांडलं आणि काहीतरी केशरी चमकलं. खुंटीची फीत. बिळाच्या तोंडापासून माझ्या दोन पावलांवर. पुढची खुंटी बिळांच्या रांगेत, त्यापुढची त्याच रांगेत. मी पळत सुटलो. सतरा बिळं, यारेली. एकेचाळीसपैकी सतरा थेट चरात जातात.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं, मामाचा दोर ताणला गेला. मग वाटलं, नाबोरकाका म्हातारे झाले. मी तिथंच मातीत बसून मोठ्यानं ओरडून दोघांना शिव्या दिल्या. मामा मागून आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोराला बोल. मला बोलून काही होत नाही. खुंट्या बिळांशी पडताना मीही थबकलो होतो, पण म्हटलं, पोराचा नकाशा आहे, त्याला जास्त कळत असेल." मग तो कुंपणाकडे गेला, कोपऱ्यापासून माझ्यापर्यंत पावलं मोजत आला आणि आकडा सांगितला. मी वहीतला नकाशा उघडला. कुंपण जिथं हवं तिथं होतं. पवनचक्की जिथं हवी तिथं. फक्त माझे ठिपके सगळे दोनशे मीटर उत्तरेला. सहा मिठात.

पुढचं तुला सांगायला नको, तू तर पेन्सिल कानाला लावून ते एका नजरेत पाहिलं होतंस. तरी लिहितो, मला लिहायला हवं. सरकारी नकाशा जुन्या मोजणीवर बसवलेला. माझं यंत्र उपग्रहांच्या नव्या मोजणीवर. दोघांच्या रेघांवर आकडे सारखेच छापलेले दिसतात, पण सुरुवात वेगळ्या ठिकाणी आहे. संगणक विचारतो, कुठली मोजणी? मी न वाचता होय म्हटलं. यंत्रानं मला रोज बिळाशी नेलं, कारण यंत्र स्वतःच्याच आकड्यांनी चालत होतं. कागदाला कधी विचारलंच नाही. मामीनं विचारलं होतं. तिला मी सांगितलं की मीठ सरकलं.

आणि जिन्यातलं वाक्य मला आठवतं. पहिल्या दिवसापासून आठवतं. तू मागून धावत आलीस, माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, चल, दोघं बसून नीट करू, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मी म्हणालो, "वाण्याच्या पोरीनं तागडीशी बसावं. तुझ्याशी जो संसार करेल त्याला रोज सकाळी कॉफीऐवजी स्वतःच्या चुका प्याव्या लागतील." तू बाही सोडलीस. त्या आठवड्यात मी तुझ्या बाबांकडे येऊन बोलणार होतो. तुला हे माहीत नव्हतं. आता आहे.

यंत्र सोमवारी खणायला लागणार. शुक्रवारी गावसभा आहे. मला काय करायचंय ते कळतं. पाऊल उचलत नाही.

उरिएल


एल बारेआल, शनिवार, २४ ऑगस्ट, सकाळ

यारेली,

काल बोललो.

खोलीत चाळीसेक माणसं. माझा नकाशा भिंतीवर, त्यावर नाबोरकाकांची लाल रेघ. मी उभा राहिलो आणि म्हणालो की भिंतीवर जे आहे ते चुकीचं आहे. कुणाला ऐकू आलं नाही, कारण मागे पंखा खडखडत होता. मामीनं उठून पंखा बंद केला. मग मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

लोक चांगले आहेत गं. मला आधी सुटायला वाट करून देत होते. एकजण म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. दुसरा म्हणाला, आकाशातला तो डबा हलला असेल, वारा काय थोडा असतो वर. नाबोरकाका तर म्हणाले की सरकारी नकाशे कधी बरोबर असतात का. मी नुसतं हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी म्हणालो, "यंत्र बरोबर आहे. जुना नकाशा बरोबर आहे. दोघांना एकत्र मी बसवलं, आणि न तपासता बसवलं. कॉलेजात एका मुलीनं हे मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"कॉलेजात हेच शिकवतात का?" मागून कुणीतरी.

मामा खुर्चीतूनच म्हणाला, "शिकवत होते. हा मधूनच पळाला."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मला आश्चर्य वाटलं की त्यानं काही झालं नाही.

पण हसून झाल्यावर गंमत संपली. खुंट्या मारून झाल्यात, यंत्र बुधवारी दुसऱ्या गावाला जाणार, गुरं चिखल चाटतायत. सतरा बिळं म्हणजे काय मोठं, असा सूर निघाला. कासवं दुसरी बिळं खणतील. माझ्याकडे उत्तर होतं, झुलेमाबाईंनी शिकवलेलं. आत झोपलेलं कासव चरात दबतं, बाहेर येत नाही, आणि मादी पंधरा वर्षांची झाल्याशिवाय अंडी देत नाही. मी ते सांगितलं. लोकांनी शाळेतल्यासारखं ऐकून घेतलं.

तेव्हा त्रान्सितो आजी बोलल्या. भिंतीशी बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. "त्या वाटेत कोण कोण येतं?"

मी वही उघडून वाचलं. तीन, आठ, नऊ, चौदा.

"आकडे मला कळत नाहीत. क्रिसोफोरो, तू सांग."

मामा उभा राहिला. टोपी काढली. खिडकीकडे बघत, खुंट्यांच्या क्रमानं, एकेक नाव घेऊ लागला. यारेली, मी ती सगळी नावं रोज ऐकतो, पण एका दमात कधी ऐकली नव्हती. तिसऱ्या नावाला नाबोरकाकांनी टोपी काढली, ते त्यांच्या वडिलांचं. मग एकेक टोपी खाली येत गेली. चौदा नंबरावर मामा थांबला आणि हळूच म्हणाला, "प्राक्सेदीस."

त्रान्सितो आजी त्यांची बायको.

आजींनी काठी जमिनीवर टेकली. "बावन्न वर्षं त्या माणसाला म्हणत होते, जरा बाजूला सर. नाही सरला. आता या वयात काय सरणार आहे? पाइप सरकवा."

हात वर करा म्हणायचीही गरज पडली नाही. पाइपाचे आठ तुकडे जास्त लागतील, नाबोरकाकांच्या अंगणात नऊ पडलेत. त्यांनी लाल रेघेवर आडवी काट मारली आणि माझ्याकडे वळले. "पण आता नकाशा नको. रविवारी तू स्वतः मैदानात जायचंस. प्रत्येक बिळाशी स्वतः उभं राहायचंस आणि तुझ्या हातानं खुंटी मारायचीस. तू उभा असशील तिथून आम्ही पन्नास मीटर दोर टाकू. कबूल?"

मी कबूल म्हणालो.

बाहेर आल्यावर मामीनं माझी टोपी मागे सारली आणि कपाळ पुसलं. म्हणाली, "मीठ जागेवर आलं म्हणायचं."

काल रात्री मी भरपूर जेवलो, झोपलोही. का कोण जाणे, हलकं वाटतंय.

उरिएल


एल बारेआल, रविवार, २५ ऑगस्ट, सकाळी सहा

यारेली,

तुझं पत्र काल दुपारी आलं. चर खणायचं यंत्र ट्रेलरवरून आलं, आणि ट्रेलरवाला सेबायोसला टपालात थांबला होता म्हणून त्याच्याकडे मिळालं. सहा ओळी आहेत, मला पाठ झाल्यात. सगळी पत्रं पोचली. फेर्मीन तुझ्या मावसबहिणीशी लग्न करतोय आणि आइस्क्रीमचे पैसे तीच देत होती. तुला एर्मोसियोला नोकरी लागली, नकाशांचीच, उरलेली दोन वर्षं तिथंच शिकणार. आज दुपारी बाराची बस. "काही बोलायचं असेल तर स्टँडवर ये आणि तोंडानं बोल. पत्रात तू फार शहाणा असतोस."

हे तू लिहिलंस तेव्हा माझं बुधवारचं पत्र तुला मिळालेलं नव्हतं. म्हणजे तू काहीच ऐकलेलं नसताना मला बोलावलंस. हे मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

काल मी वेडा झालो होतो. बूट पुसले. मामीनं पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, कॉलर दोनदा. ट्रेलरवाला रिकामा ट्रेलर घेऊन आज सातला परत जातोय, त्याच्या शेजारी बसलो तर साडेअकराला तोर्रेऑन. मामानं सांगून टाकलं, "जा तू. खुंट्या मी मारतो. मला बिळं माहीत नाहीत की काय?"

त्याला माहीत आहेत. म्हणून काल संध्याकाळी उजेड असताना मी त्याला मैदानात घेऊन गेलो, सगळं त्याच्या हाती सोपवायला. एकेचाळीसच्या एकेचाळीस त्यानं न बघता दाखवली. मग मी त्याला लहानांची दाखवली. या उन्हाळ्यात मला पोटावर झोपून सरपटताना पिल्लांची सात बिळं सापडलीत, गवताच्या बुडाशी, मुठीएवढी. आकडा नाही, नाव नाही, कारण अजून तितकी माणसं मेली नाहीत. मामा वाकला, डोळे बारीक केले, आणि त्याचा पाय त्यातल्या एकावर पडणार होता. मी त्याची पोटरी धरली. तो सरळ उभा राहिला आणि लांब डोंगराकडे बघत म्हणाला, "तिकडची बकरी मोजून सांगू शकतो मी." नवी वाट त्या सातांच्या बाजूनंच जाते.

म्हणून मी येत नाही, यारेली.

हे लिहिताना मला रडू यायला हवं असं वाटतं. मार्चमधला मी असतो तर काहीतरी फोडलं असतं. शर्ट खुंटीला टांगलाय, छान दिसतोय. हे पत्र ट्रेलरवाल्याकडे देतोय. त्याला तुझं वर्णन सांगितलंय. तो म्हणाला, कानावर पेन्सिल असलेल्या मुली स्टँडवर फार नसतील. कालचं पत्रही यातच आहे, आधी ते वाच.

तोंडानं बोलायचं ते इथं लिहितो, शहाणपणा न करता. मी चुकलो. नकाशात चुकलो ते दुरुस्त होतंय. जिन्यात चुकलो ते कसं करायचं मला माहीत नाही. मला तू हवीस. तू मला चुका दाखवाव्यास असं वाटतं, कॉफीबरोबर, रोज. एर्मोसियोचा पत्ता कळवलास तर मी येईन, खुंट्या मारून झाल्यावर, मामाचा नवा चष्मा आल्यावर, कधीही. नाही कळवलास तर मला कारण समजेल, आणि मी इथं बरा असेन. खरंच बरा असेन. याचंच मला सगळ्यात नवल वाटतं.

बाहेर लोक जमलेत. नाबोरकाकांच्या खांद्यावर दोर आहे. त्रान्सितो आजी ट्रकच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्यात आणि प्राक्सेदीसची खुंटी आपल्यासमोर मारायची म्हणून हट्ट धरलाय. मामीनं राजमा आणि तोर्तिया फडक्यात बांधल्यात, सगळ्यांपुरत्या. ट्रेलरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

ऊन जमिनीवर आलं. अजून तासभर सगळी आत असतील, पिल्लंही. आता गेलं पाहिजे.

खुंट्यांची मोळी उचलली. पाकीट चिकटवतो, त्याच्या हातात देतो आणि निघतो. मामा बाहेरून म्हणतोय, दार ओढून घे, वारा सुटलाय.

ओढून घेतो.

उरिएल